‘हेक्टिक’ : सवय, ताप आणि धावपळ

‘आजचा दिवस फार हेक्टिक गेला’ असं आपण मराठीतही सर्रास म्हणतो. पण हा शब्द मुळात तापाचा, बरं का! ग्रीक ‘हेक्टिकोस’ म्हणजे सवयीचा, अंगात मुरलेला. क्षयरोग्याला सतत येणारा, गाल लाल करणारा ताप म्हणजे ‘हेक्टिक फीव्हर’. आपल्या जीर्णज्वरासारखाच काहीसा. पुढे ताप मागे पडला, तगमग उरली. विसाव्या शतकात नुसती धावपळ.

आता याच कुळातला ‘हेक्सिस’ पाहू. ॲरिस्टॉटल सद्गुणाला हेक्सिस म्हणतो : पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीतून अंगी बाणलेली वृत्ती. म्हणजे सवयीनं मुरतो तो सद्गुण, आणि मुरतो तो तापही. आपल्या अंगी मुरलेली धावपळ यांपैकी कोणती, हे आपणच नाडी धरून बघायला हवं.