ना कुंकू पुसलं, ना वाट सरली

डिसेंबर १९७१. आमच्या सासूबाई तेव्हा घाटकोपरला चाळीत राहायच्या. खिडक्यांना काळे कागद, भोंगा झाला की दिवे बंद आणि पोरांना पोटाशी धरून अंधारात बसायचं. "आपल्यावर बॉम्ब पडेल याचीच भीती. आपलीही विमानं तिकडं जातात, त्यात कुणाची तरी मुलं असतात, हे कुठं सुचायचं तेव्हा!" असं त्या परवा सहज म्हणाल्या आणि माझ्या मनात ते घर करून राहिलं.

मैत्रिणींनो, ती मुलं आपल्या पुण्याच्या लोहगावहूनसुद्धा जात होती. तिथं कॅनबेरा ही बॉम्बफेकी विमानं होती. विमानात माणसं दोनच, एक वैमानिक आणि दुसरा दिशा दाखवणारा नेव्हिगेटर. रात्रीच्या काळोखात शत्रूच्या मुलखात खूप आतपर्यंत जायचं. विमानाला काही झालं तर वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची होती, नेव्हिगेटरला नव्हती! त्यानं पॅराशूट बांधून दारातून उडी मारायची, तीही तेवढा वेळ मिळाला तर. हे कळल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती त्याची बायको. तिला हे ठाऊक असेल का हो?

१९६५ आणि १९७१च्या युद्धांत बेपत्ता झालेल्या ५४ जणांच्या यादीत कॅनबेराचे फ्लाइट लेफ्टनंट सासून आणि त्यांचे नेव्हिगेटर फ्लाइट लेफ्टनंट अडवाणी अशी दोन्ही नावं आहेत. त्याच यादीत आपलं मराठी नाव आहे, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ते सुखोई-७ हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान चालवायचे. त्यात तर सोबतीलाही कुणी नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करायला गेले, ते परतलेच नाहीत.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७०च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत तांबेंसारखं एक नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं. बस्स, तेवढ्या एका नावावर त्यांनी पुढची कित्येक वर्षं वाट पाहिली. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली, सरकारदरबारी खेटे घातले. १९८३ आणि २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानच्या तुरुंगांपर्यंत जाऊन आले. हाती काही लागलं नाही. आमच्याकडे कुणी नाही, हेच पाकिस्तानचं उत्तर. शहीद म्हटलं की हार घालता येतो, भाषण करता येतं. बेपत्ता माणसाच्या बायकोपुढे समाज नुसता गप्प उभा राहतो.

हे मी जवळून बघते. आमच्या मुलुंडच्या महिला मंडळात एक बाई येते. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी घरातून गेला, तो गेलाच. युद्धबिद्ध काही नाही. पण मृत्यूचा दाखला नाही, म्हणून बँकेतलं खातं अडलंय, खोलीचे कागद अडलेत. सात वर्षं पत्ता लागला नाही तरच कायदा पुढचं धरून चालतो. तोवर सासरचे म्हणतात, तू कामाला बाहेर पडू नकोस, तो आला तर काय म्हणेल!

मागच्या मंगळवारी मी तिला दमयंतींची गोष्ट सांगितली. ती मान खाली घालून ऐकत होती.

"त्यांनी नोकरी धरली म्हणता ना ताई? वाट बघत बघतच?"

"हो, धरली."

"मग त्या पाळणाघरातल्या जागेसाठी माझा अर्ज लिहून द्या."