पाट बदलण्याचा खर्च कसा पारखावा

विहिरीपासून शेतापर्यंतचा जुना मातीचा पाट मोडून जमिनीखालून नळ घालणे खर्चाचे आहे. म्हणून प्रथम गळती मोजावी. २०० लिटरचे पिंप पंपाच्या तोंडाशी २० सेकंदांत भरते. तेच शेताजवळ खड्ड्यात ठेवून पन्हाळीने भरण्यास २५ सेकंद लागतात, असे समजू. म्हणजे सेकंदाला २ लिटर, तासाला ७,२०० लिटर पाणी वाटेतच मुरते. सात तासांच्या दोन पाळ्यांत ही नासाडी सुमारे १ लाख लिटर होते. एवढ्या पाण्याने एक हेक्टरावर १ सेंटिमीटर थर उभा राहील. या पाण्यावर वाढणारे पीक व वाचणारी वीज यांची वार्षिक किंमत काढून ती नळाच्या खर्चाशी ताडून पाहावी. गळती थोडी असल्यास पाटाची डागडुजी पुरे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे मोजमाप शेतकऱ्यासमक्ष करावे.