सुरती रुपया आणि मुंबईचा डॉलर : चांदीचं नाणं पारखताना

मंडळाच्या बैठकीला कोणी रुमालात बांधून नाणं आणलं की प्रश्न दोनच असतात. खरं आहे का, आणि किती येतील? दुसऱ्याचं उत्तर आम्ही देत नाही. पहिल्याचं देताना मात्र 'खरं' म्हणजे काय ते आधी ठरवावं लागतं. कारण चांदी खरी, टांकसाळ सरकारी आणि नाण्यावरची तारीख मात्र खोटी, असाही एक रुपया सुरतेच्या नावावर आहे.

त्याआधी डॉलर. आजोबांच्या पेटीतला 'अमेरिकन डॉलर' म्हणून जो दाखवतात, तो पुष्कळदा ब्रिटिश व्यापारी डॉलर असतो. एका बाजूला त्रिशूळ आणि ढाल घेतलेली ब्रिटानिया, दुसरीकडे चिनी आणि जावी लिपीतली अक्षरं. हाँगकाँग आणि मलायाकडच्या व्यापारासाठी हा १८९५ पासून मुख्यतः आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीकसं 'बी' अक्षर असतं, ते मुंबईचं. वजन २६.९६ ग्रॅम, चांदी ९० टक्के.

अक्षर काय, नकली नाण्यावरही असतं, आणि वजनही जुळवता येतं. जुळवता येत नाही ते आकारमान. पेशानं मी इंजिनिअर, त्यामुळं माझा भरवसा यावर जास्त. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल, तेवढे ग्रॅम पाणी नाण्यानं बाजूला सारलं. खऱ्या डॉलरला हा आकडा २.६ च्या आसपास येतो. तेवढ्याच वजनाच्या जर्मन सिल्व्हरच्या डॉलरला तीनच्या वर जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि तीनदा मोजा.

हीच युक्ती १९३९ च्या रुपयालाही लागू पडते. सहाव्या जॉर्जचा हा रुपया दुर्मीळ, म्हणून दुसऱ्या सालाचा आकडा कोरून 'बनवलेले' पुष्कळ फिरतात. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात सोळा आण्यांपैकी पावणेपंधरा आणे चांदी; तो १.१३ ग्रॅम पाणी सारतो. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, तो १.२२ सारतो. मात्र १९३८ च्या आठाचा नऊ केला असेल तर पाणी काही सांगत नाही. तिथं भिंगच हवं.

चांदीतच ओतलेली नक्कल असेल तरीही भिंगच. ठशानं पाडलेल्या नाण्यात अक्षराची कड धारदार असते. ओतीव नाण्यात ती साबणासारखी गुळगुळीत होते, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात, आणि कडेवर साच्याचा सांधा घासून काढल्याची खूण सापडते.

आता सुरत. सतराव्या शतकात स्पॅनिश रियाल मोख्याच्या जहाजांतून इथं येत, पण बाजारात चालायचा तो रुपया. म्हणून ते बहुतेक मुघल टांकसाळीत वितळत. हा रुपया हातानं पाडलेला, वजन साधारण साडेअकरा ग्रॅम. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळं अर्धी ओळ बाहेरच राहते. लोक त्याला 'झिजलेलं' म्हणतात, पण ती झीज नव्हे. झीज बघायची ती अक्षरांच्या सर्वांत उंच भागावर. उलट सगळा मजकूर मधोमध आणि पूर्ण बसलेला दिसला की मी जरा सावध होतो.

अंगावर चांदण्या, फुलं, ठिपके असे छोटे ठोके असतात, ते सराफांचे. नाणं जुनं झालं की त्यावर बट्टा कापला जाई, म्हणून ते पुनःपुन्हा पारखलं जायचं. ('बट्टा लागणे' तिथूनच.) संग्राहक या ठोक्यांना दोष मानून किंमत पाडतात. मला ते पटत नाही. ठोक्याच्या खळग्यातही बाकी नाण्यासारखाच जुना काळेपणा असेल, तर माझ्या लेखी तो नाण्याच्या बाजूचा साक्षीदार आहे. माळेसाठी लावलेली कडी काढल्यावर कडेला राहिलेला डाग हा मात्र खराच दोष.

आणि तो खोट्या तारखेचा रुपया. १८०० मध्ये सुरतेचा कारभार पूर्णपणे कंपनीकडे गेला, पण रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचंच राहिलं. पुढं मुंबईत वाफेच्या यंत्रावर जे सुरती रुपये निघाले, त्यांवर हिजरी १२१५ आणि राज्यवर्ष ४६ आहे. हिशेब करा. शाह आलम गादीवर आला हिजरी ११७३ मध्ये, म्हणजे १२१५ ला त्रेचाळिसावं वर्ष हवं. शिवाय तो वारला १८०६ मध्ये, आणि मुंबईची वाफेची टांकसाळ चालू झाली १८३० च्या सुमारास! एरवी हिजरी साल आणि राज्यवर्ष जुळत नसेल तर ती नकलीपणाची पहिली खूण. इथं ते न जुळणं हीच अस्सलपणाची खूण. असा रुपया कोणी 'दुरुस्त' तारखेसह दाखवला, तर मी हात जोडतो. लोकांचा जुन्या रुपयावर विश्वास होता, म्हणून कंपनीनं जुनीच तारीख चालू ठेवली.

कधी नाणं खरं आणि गोष्ट खोटी असते. औरंगजेबाचा सुरती रुपया 'महाराजांच्या लुटीतला' म्हणून विकायला येतो. हिजरी साल वाचा. १०९५ असेल तर ते साधारण १६८४. सुरतेवरच्या स्वाऱ्या १६६४ आणि १६७० च्या. साल आधीचं निघालं तरी लुटीची खूण नाण्यावर नसते, त्यामुळं गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत.

सगळ्यात जास्त नाणी बिघडतात ती लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. चिंच, राख, टूथपेस्ट. चकाकी येते, पण घासताना अक्षरांची धार जाते आणि जुना काळा थर निघून जातो. तो पुन्हा मिळत नाही. पूजेसाठी नवं चांदीचं नाणं आणा. जुनं साध्या पाण्यानं धुऊन सुती कापडावर वाळवा, कडेनं धरा, आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. त्यानं हिरवट चिकटा धरतो. कागदी पाकीट पुरतं.