संमतीने झालेली घसरण : इटली, १९१९ ते १९२८

आधुनिक लोकशाही फॅसिझमच्या वाटेला लागू शकते का, या प्रश्नाचे पहिले उत्तर महायुद्धोत्तर इटलीत मिळते. कारण तेथे संसद होती, निवडणुका होत होत्या, वृत्तपत्रे स्वतंत्र होती आणि ज्या १८४८ च्या राज्यघटनेवर हा डोलारा उभा होता, ती ‘स्टॅट्यूट’ नावाची सनद फॅसिस्ट नेता मुसोलिनीने औपचारिकरीत्या कधी रद्द केलीच नाही. ही लोकशाही अपुरी होती, हे मान्य करावे लागते. स्त्रियांना मताधिकार नव्हता आणि बहुसंख्य पुरुषांनाही तो १९१२ च्या सुधारणेनंतरच मिळाला होता. तथापि सारा दोष या कोवळेपणावर टाकणे योग्य ठरत नाही, कारण नवख्या मतदारांनी १९१९ मध्ये फॅसिस्टांना एकही जागा दिली नव्हती. त्यांना संसदेत आणले ते मुरलेल्या राजकारण्यांनी.

त्याच वर्षी २३ मार्चला मिलान येथे स्थापन झालेली मुसोलिनीची संघटना प्रारंभी जवळजवळ दुर्लक्षितच होती. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ५०८ पैकी १५६ जागा समाजवाद्यांना आणि १०० जागा लुइजी स्तुर्त्सो या धर्मगुरूने नुकत्याच काढलेल्या कॅथलिक लोकपक्षाला मिळाल्या. हे दोघे एकत्र येते तर बहुमत त्यांचेच होते, पण धर्म आणि मालमत्ता या दोन्ही प्रश्नांवर त्यांचे हाडवैर असल्याने सत्ता जुन्या उदारमतवादी गटांच्या अस्थिर मंत्रिमंडळांकडेच राहिली. दरम्यान पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटनांनी मजूर कोणी व किती लावायचे हे ठरवण्याचा अधिकार मिळवला, तेव्हा धास्तावलेल्या जमीनदारांच्या पैशावर काळ्या सदऱ्यांची फॅसिस्ट पथके कामगार कचेऱ्या जाळू लागली आणि विरोधकांना बळजबरीने एरंडेल पाजू लागली; पोलिसांनी बहुधा काणाडोळा केला. या पार्श्वभूमीवर पाच वेळा पंतप्रधानपद भूषविलेल्या जोवान्नी जोलित्ती यांनी, संसदेत बसल्यावर ही मंडळी निवळतील या हिशेबाने, १९२१ च्या निवडणुकीत त्यांना आपल्या ‘राष्ट्रीय आघाडी’त सामील करून घेतले. फॅसिस्टांना ३५ जागा मिळाल्या, आणि त्याहून मोलाची म्हणजे प्रतिष्ठा मिळाली.

ऑक्टोबर १९२२ मधील ‘रोमवरील मोर्चा’ पुढे क्रांती म्हणून साजरा झाला, पण त्यात क्रांतीचा अंश बेताचाच होता. पंतप्रधान लुइजी फाक्ता यांनी लष्करी कायदा पुकारण्याचा हुकूम तयार केला होता. २८ तारखेला राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने त्यावर सही नाकारली आणि दुसऱ्या दिवशी मुसोलिनीला सरकार बनवण्यास बोलावले. तो मिलानहून रात्रीच्या रेल्वेने, शयनयानातून, राजधानीत आला. त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळात फॅसिस्ट अल्पसंख्य होते, तरीही संसदेने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास व्यक्त केला, आणि होकार देणाऱ्यांत जोलित्तीही होते.

या साऱ्या प्रक्रियेचा कणा मात्र नोव्हेंबर १९२३ चा निवडणूक कायदा होय. तो मांडणाऱ्या जाकोमो आचेर्बो यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा असे सांगतो की, सर्वाधिक मते मिळवणाऱ्या यादीला किमान २५ टक्के मते पडली असतील तर सभागृहाच्या दोनतृतीयांश जागा द्याव्यात. विधेयकाची छाननी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष जोलित्तीच होते; स्थिर सरकारची निकड त्यांनाही पटली होती, आणि प्रेक्षक सज्जात काळे सदरे हजर असताना चाललेल्या चर्चेनंतर लोकपक्षाच्या बहुतेक सदस्यांनी तटस्थ राहणे पसंत केले. एप्रिल १९२४ मध्ये सरकारी यादीला दहशतीच्या छायेत सुमारे ६५ टक्के मते पडली, म्हणजे वाढीव जागांची तशी गरजही उरली नाही; पण कायद्याने आपले काम मतदानापूर्वीच केले होते, कारण विजय ठरलेल्या यादीत नाव असणे हाच निवडून येण्याचा खात्रीचा मार्ग उरल्याने सालान्द्रा आणि ओर्लान्दो हे दोन माजी पंतप्रधान त्याच यादीत जाऊन बसले.

३० मे रोजी समाजवादी सदस्य जाकोमो मात्तेओत्ती यांनी या निवडणुकीच्या वैधतेलाच सभागृहात आव्हान दिले. १० जूनला त्यांचे अपहरण होऊन खून झाला. देश हादरला आणि काही महिने सरकार खरोखरच डळमळीत झाले. विरोधकांनी सभागृह सोडले. प्राचीन रोमचे सामान्यजन ज्या टेकडीवर निघून गेले होते, तिच्यावरून या बहिष्काराला ‘अव्हेंतिन’ म्हणतात. राजा नैतिक दडपणाखाली हस्तक्षेप करील ही त्यांची अपेक्षा होती. राजा हलला नाही, आणि तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांच्यासारख्या सिनेट सदस्यानेही त्या जूनमध्ये सरकारच्याच बाजूने मत दिले, जरी पुढच्याच वर्षी फॅसिझमविरोधी जाहीरनामा त्यांनीच लिहिला. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने, मंत्र्यांवर आरोप ठेवण्याचा अधिकार देणारे स्टॅट्यूटचे ४७ वे कलम वाचून दाखवून, ते कोणाला वापरायचे आहे काय, असे सभागृहाला विचारले. तसा ठराव कोणी मांडला नाही. आरोप करू शकणारे बाहेर होते.

त्यानंतरची उतरण वेगाची आहे. डिसेंबर १९२५ च्या कायद्याने सरकारप्रमुख केवळ राजाला उत्तरदायी झाला. थोड्याच दिवसांपूर्वी काही स्त्रियांना मिळालेला स्थानिक निवडणुकांतील मताधिकार, १९२६ मध्ये निवडून दिलेल्या महापौरांच्या जागी नेमलेले अधिकारी आल्याने, वापरण्याआधीच निरर्थक ठरला. नोव्हेंबर १९२६ मध्ये विरोधी पक्ष विसर्जित झाले, बहिष्कार घालणाऱ्यांची सदस्यत्वे रद्द झाली आणि साम्यवादी नेते अंतोनिओ ग्राम्शी यांना अटक झाली. मार्च १९२८ मध्ये, मतदाराने एकाच यादीला होय किंवा नाही म्हणावे असा कायदा आला, तेव्हा त्याविरुद्ध बोलायला वृद्ध जोलित्ती उभे राहिले. त्याच जुलैत ते वारले.

स्टॅट्यूट लवचीक होती, म्हणजे साध्या बहुमताच्या साध्या कायद्याने ती वाकवता येत होती, आणि म्हणूनच वरीलपैकी बहुतेक पावले कागदोपत्री वैध ठरली. १९४८ च्या इटालियन राज्यघटनेने ही फट बुजवली: १३८ व्या कलमानुसार घटनादुरुस्तीवर दोन्ही सभागृहांत प्रत्येकी दोनदा, किमान तीन महिन्यांच्या अंतराने, मतदान व्हावे लागते.