भीमबेटका: चित्रांच्या पायथ्याची माती

मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात, भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, साग, तेंदू आणि काटेरी झुडपांनी व्यापलेल्या विंध्याच्या सात टेकड्या आहेत. त्यांच्या वालुकाश्माचे मऊ थर ऊनपावसाने झिजले आणि कठीण थर छपरासारखे पुढे राहिले, त्यामुळे तेथे सातशेहून अधिक शैलाश्रय, म्हणजे खडकाच्या आडोशाचे उघडे निवारे, तयार झाले. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली हे स्थळ उजेडात आणले आणि २००३ साली त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. ही कीर्ती मुख्यतः भिंतींवरच्या चित्रांची आहे. मात्र मानवी वस्तीचा त्याहून कितीतरी जुना आणि सलग पुरावा त्या चित्रांच्या पायथ्याशी, मातीत आहे.

अशा रानात पाहणी करणे कष्टाचे असते, कारण पावसाळ्यात वाढलेली झुडपे निवाऱ्यांची तोंडे झाकून टाकतात आणि एकसारख्या दिसणाऱ्या खडकांत एकदा पाहिलेली जागा पुन्हा सापडणे अवघड होते. म्हणूनच येथे अवलंबलेली क्रमांकांची पद्धत मोलाची ठरते: प्रत्येक टेकडीला अंक, तिच्यावरील निवाऱ्यांच्या समूहाला अक्षर आणि त्यातील एकेका निवाऱ्याला पुन्हा अंक. ‘तीन एफ २३’ म्हणजे तिसऱ्या टेकडीवरील एफ समूहातला तेविसावा निवारा.

याच निवाऱ्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७० च्या दशकात उत्खनन केले. नेवाशासारख्या ठिकाणी प्रवरेच्या गाळात सापडणारी अवजारे पाण्याने वाहून आलेली असू शकतात. येथे मात्र ती माणसाने टाकली तेथेच राहिली होती. सर्वांत खालच्या थरांत अश्यूली परंपरेची, म्हणजे दोन्ही बाजूंनी घडवलेल्या मोठ्या दगडी हत्यारांच्या काळातली, लाखाहून अधिक वर्षांपूर्वीची अवजारे होती. त्यांत टोकदार हातकुऱ्हाडींपेक्षा रुंद, सरळ धारेच्या फरशा अधिक असून दगडाचे पातळ छिलके काढून केलेल्या तासण्याही विपुल आहेत. शिवाय बसण्याउठण्यासाठी दगड मांडून केलेली जमीनही आढळली. त्यावरच्या मध्य पुराश्मयुगीन थरात मोठी हत्यारे जवळपास नाहीशी होतात, पण दगड तोच क्वार्टझाइट राहतो आणि तासण्याही चालू राहतात, म्हणून हा बदल बाहेरून आलेल्या लोकांमुळे नव्हे, तर तेथल्याच कारागिरीतून हळूहळू घडला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खरा खंड मध्याश्मयुगात दिसतो. या काळात लाकडी वा हाडाच्या दांड्यात बसवण्याची बोटाच्या पेराएवढी सूक्ष्मास्त्रे टेकडीवर न मिळणाऱ्या चर्ट आणि कॅल्सेडनी या गुळगुळीत दगडांची बनू लागली, म्हणजे माणसे कच्च्या मालासाठी डोंगर उतरून जात होती. याच थरांत दफने मिळाली, तसेच घासून सपाट पृष्ठे पडलेले हेमॅटाइटचे, म्हणजे लाल लोहखनिजाचे, तुकडेही मिळाले.

हे तुकडे दिसायला क्षुल्लक असले तरी भिंत आणि माती यांना जोडणारा दुवा तेच आहेत. एकावर एक काढलेल्या चित्रांवरून फक्त आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते एवढेच कळते. पण सूक्ष्मास्त्रांसोबत सापडलेला लाल रंग जुनी शिकारदृश्ये मध्याश्मयुगात ठेवण्यास आधार देतो, तर घोडेस्वार आणि तलवारधारी योद्धे यांची चित्रे ऐतिहासिक काळातली असल्याचे त्यांच्या विषयावरूनच ठरते.