विमानाचा ट्रिम कुठे थांबायला हवा?

प्रवासी विमानाच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी आडवे पंख असतात. त्यांच्या मागच्या कडेची हलणारी फळी म्हणजे एलिव्हेटर. वैमानिकाने दांडा मागे ओढला की ती वर होते आणि विमानाचे नाक उचलले जाते.

पण दांडा तासभर ओढून कोण धरणार? म्हणून जेट विमानांत हा अख्खा आडवा पंखच थोडा कलता करता येतो. दांड्यावर जोर न लावताही विमान ठरावीक वेगाला स्थिर राहील, असा कल लावणे म्हणजे ट्रिम.

आता समजा, उतरताना इंजिनांचा जोर कमीच राहिला आणि ते कुणाच्या ध्यानात आले नाही. वेग घटतो, तशी पंखांची उचलही घटते. ठरलेला मार्ग सोडायचा नाही म्हणून ऑटोपायलट नाक वर घेतो, पाठोपाठ ट्रिमही फिरवतो. वैमानिकाच्या हाताला यातले काही जाणवत नाही. खरी गोम इथेच आहे.

पंख आणि समोरची हवा यांच्यातला कोन फार वाढला की हवा पंखाला धरून वाहत नाही, उचल कोसळते. हाच स्टॉल. त्याआधीच एअरबसचा संगणक नाक वर नेणारा ट्रिम रोखतो. मात्र सगळी संरक्षणे शाबूत असतील तरच. 1 जून 2009 रोजी एअर फ्रान्सच्या 447 क्रमांकाच्या विमानात वेगमापक नळ्या बर्फाने तुंबल्या आणि ते संरक्षण गेले. वैमानिक नाक वर ओढत राहिला. ट्रिम मिनिटभरात 3 अंशांवरून 13 वर गेला आणि विमान समुद्रात पडेपर्यंत तिथेच राहिला. 228 जण गेले.

वेग पडलेला दिसला की आपल्याला वाटेल, इंजिने पूर्ण जोरात सोडावीत. चूक नेमकी इथे होते. पंखांखालच्या इंजिनांचा जोर नाक आणखी वर ढकलतो. सप्टेंबर 2007 मध्ये इंग्लंडमधल्या बोर्नमथला एका बोइंग 737 चे नाक असेच 44 अंशांपर्यंत गेले. दांडा पुढे रेटूनही एलिव्हेटर पुरा पडेना, कारण ट्रिम अजून उलट्या बाजूला होता. विमान सावरले, हे नशीब.

म्हणून आता क्रम असा शिकवतात: ऑटोपायलट बंद, नाक खाली, गरज पडेल तसा ट्रिमही खाली, पंख समतल आणि मग हवा तेवढाच जोर. यात थोडी उंची जाते. पूर्वी ती न गमावण्यावर भर असे. आता ती खुशाल जाऊ देतात.