पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलेली गोळी

अंबाजोगाई. चैत्राचा वद्य पक्ष. बाहेर डांबर वितळवणारं ऊन आहे, पण त्वचारोगाच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या पलंगावरचा पंखा मुद्दाम बंद ठेवलाय. पलंगावरच्या बाईंची कातडी जिथे जिथे सुटली आहे, तिथून अंगातली ऊब आणि पाणी दोन्ही निघून चाललंय. वाऱ्याची झुळूक आली तरी त्यांना हुडहुडी भरते.

वय तिशीच्या आतबाहेर. ओठांवर काळ्या रक्ताच्या खपल्या, पापण्या चिकटलेल्या. पाठीवर डॉक्टर बोटाने हलकेच दाब देतात आणि वरचा थर ओल्या कागदासारखा सरकतो. दोन सिस्टर त्यांना कुशीवर वळवतात, खालचं केळीचं पान काढतात, दुसरं सरकवतात. ही पानं बाजारातून आणून, धुऊन, निर्जंतुक करून घेतलेली आहेत. चादर ओल्या अंगाला चिकटते आणि काढताना उरलेली कातडी ओढून आणते. केळीचं पान चिकटत नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून तिचा अभ्यास मांडला होता. सलाईनची सुईसुद्धा इथे चिकटपट्टीने बसवलेली नाही, मऊ बँडेज गुंडाळून धरली आहे.

भाजलंय का, असं शेजारच्या पलंगावरची आजी मला हळूच विचारते. आगीजवळ ही बाई गेलेलीच नाही.

‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस’ हे या आजाराचं नाव. लायेल नावाच्या डॉक्टरांनी 1956 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याचंच कमी पसरलेलं रूप म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, ते 1922 पासून ठाऊक आहे. औषध पोटात जातं, अंगातल्या संरक्षक पेशी बिथरतात आणि आपल्याच कातडीच्या पेशी मारत सुटतात. कातडी दहा टक्क्यांपेक्षा कमी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तिसापेक्षा जास्त सुटली तर हा. डॉक्टर रुग्णाच्या तळहाताच्या मापाने अंग मोजतात. बोटांसकट एक तळहात म्हणजे साधारण एक टक्का. पाठ, छाती, दोन्ही मांड्या. आकडा तिसाच्या पुढे जातो आणि बरोबरचा शिकाऊ डॉक्टर लिहिता लिहिता थांबतो. एवढं अंग सुटलेल्या रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा वाचत नाही, हे त्याला माहीत आहे.

आता खरं काम सुरू होतं, आणि ते पलंगापाशी नाही, दाराशी उकिडव्या बसलेल्या नवऱ्यापाशी. त्याच्या हातात कापडाच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आहे. तीत सगळी औषधं. डॉक्टर मॅडम स्टूल ओढून त्याच्यासमोर बसतात आणि पिशवी स्वच्छ कागदावर रिकामी करतात.

तापाच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. अँटिबायोटिकच्या कॅप्सूल. डोळ्यांत घालायचे थेंब. आणि वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी, तीत चार पांढऱ्या गोळ्या. ना नाव, ना तारीख.

“दादा, यातली सगळ्यात आधी कुठली चालू केली?”

“सगळ्याच खाल्ल्या मॅडम.”

“तसं नाही. तारीख नका सांगू. कारखान्याचा पट्टा कधी पडला?”

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा ऊसतोडीचा हंगाम संपणं. नवरा जरा सावरून बसतो. हे त्याला सांगता येतं. दिवाळीनंतर दोघं ऊस तोडायला सांगलीकडं गेले. पट्टा पडायच्या आधी फडातच हिला झटके आले, दातखीळ बसली. तिथल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि गावी गेल्यावर दाखवा म्हणाले. पाडव्याला घरी आले.

“पाडव्याच्या दुसऱ्या दिशी ही पांढरी गोळी चालू केली बघा. झटक्याची. येरमाळ्याच्या यात्रेला निघायचं, तर हिला ताप. मग तापाची आणली.”

“डोळे?”

“तापासंगंच लाल झाले. मग तोंड आलं, मग अंगावर चट्टे. तवा ही क्याप्सूल दिली.”

मॅडम वहीत एक आडवी रेघ ओढतात. रेघेच्या एका टोकाला पाडवा, दुसऱ्या टोकाला आज, मध्ये यात्रेची चैत्री पौर्णिमा, जेव्हा ताप आला. तापाची गोळी संशयातून बाहेर पडते, कारण ताप हीच आजाराची सुरुवात होती. गोळी त्यानंतर आली. कॅप्सूल आणि थेंब तर आणखी उशिराचे. हा आजार औषध सुरू केल्यावर बहुधा चार दिवस ते चार आठवडे या टप्प्यात उठतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत दोन आठवड्यांना थोडं कमी. रेघेवर जागेवर बसते ती फक्त पुडीतली गोळी.

मी ती रेघ बघत राहते. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत या गुन्हेगाराचं नाव येणार नाही. ते या माणसाच्या आठवणीत आहे, आणि ती कॅलेंडरच्या तारखांवर चालत नाही. पट्टा, पाडवा, यात्रा यांवर चालते. घाईत “औषधं काय घेतली?” एवढंच विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं, “सगळीच.”

“ही शेवटची कधी दिली?”

“काल सांजच्याला.” तो खाली बघतो. “गिळता येईना तिला. पाण्यात कुस्करून दिली. झटक्याची गोळी चुकवायची नाही, असं बजावून सांगितलं होतं.”

वॉर्डात कुणी काही बोलत नाही. त्याने ऐकलं, पाळलं. झटक्याची गोळी चुकवू नये हा सल्ला बरोबरच असतो. पण अंगावर चट्टे उठले, तोंड-डोळे आले, तर ती तिथल्या तिथे थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, हे दुसरं वाक्य त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. या आजारात औषध जेवढं लवकर बंद होतं, तेवढी जगण्याची आशा वाढते. बाकीचे उपचार, म्हणजे पाणी, नळीतून अन्न, जंतुसंसर्गावर पहारा, डोळे वाचवणं, हे सगळं त्यानंतरचं.

शिकाऊ डॉक्टर मला व्हरांड्यात सांगतो की पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाचे त्वचारोगतज्ज्ञ लोमे शहरात नेमकं हेच करत आले आहेत, रुग्णाच्या पिशवीतून कारण शोधणं. तिथे बऱ्याचदा हाती लागलं ते सल्फाचं औषध, नाहीतर एचआयव्हीवरचं नेव्हिरापीन. सल्फा स्वस्त, एचआयव्हीच्या रुग्णांना इतर संसर्ग होऊ नयेत म्हणूनही ते देतात. आपल्याकडे झटक्यांवरची औषधं पुढे असतात. देश बदलला की आजार तोच राहतो, बदलते ती गोळी, कारण कुठल्या गावात कुठलं दुखणं जास्त आणि कुठलं औषध स्वस्त यावर ते ठरतं.

पण पुडीचं नाव अजून लागलेलं नाही. गावाकडे दिराला फोन जातो. तो मोटारसायकल काढून जिथून गोळी घेतली तिथे जातो. नेत्रविभागाचे डॉक्टर तोवर येऊन काचेच्या बारीक कांडीने पापण्यांखालचे चिकटलेले पापुद्रे सोडवतात. बाई कण्हत विचारतात, “उजेड दिसंल ना?” “दिसेल मावशी, म्हणून तर हे करतोय,” डॉक्टर म्हणतात आणि दर दोन तासांनी थेंब घालायला सांगून जातात.

दुपारी मोबाइल वाजतो. डब्याचा फोटो: कार्बामाझेपीन, 200 मिलिग्रॅम. मॅडम मान हलवतात. तैवानमधल्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिलं की विशिष्ट जनुक असलेल्यांना याच औषधाने हा आजार होण्याचा धोका फार वाढतो. त्याची चाचणी निघाली आहे, पण फडातून परतलेल्या बाईपर्यंत ती पोचलेली नाही. किमान नाव छापलेलं पाकीट तरी पोचायला हवं. सुटी, बेनाम गोळी पुडीत बांधून देणं थांबलंच पाहिजे. आज त्यापायी अर्धा दिवस गेला.

मॅडम लाल शाईने मराठीत कार्ड लिहितात: कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, आयुष्यात कधीच नाही. तिन्ही एका धाटणीची, एकाने झालं ते दुसऱ्याने पुन्हा होऊ शकतं. झटक्यांसाठी वेगळं औषध शिरेतून सुरू झालंय. नवरा कार्ड दोन्ही हातांनी घेतो, मग अडखळतो.

“मॅडम, हिच्या भावालाबी झटके येतेत. तोबी हीच गोळी खातो, तीन-चार वर्षं झाली. बंद कर म्हणू का?”

“नका म्हणू. वर्षानुवर्षं पचली असेल तर हा धोका त्याला आता फारसा नाही, तो पहिल्या दोन महिन्यांत असतो. एकदम बंद केली तर झटके येतील. त्याला घेऊन या ओपीडीत. आणि येताना पाकिटासकट गोळ्या आणायला सांगा.”